पाखरांचे पाणी आणि आपली माती
(औंढा नागनाथ येथील मेळाव्यात केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात पाखरांची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. हुरड्याच्या दिवसांत गोफण घेऊन माळ्यावर उभा राहणारा तर म्हणणारच. तरी ऐका.

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजी अमदानीत नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला. बांधला शेतीच्या पाण्यासाठी. गाळ साठून पाणी उथळ झाले, पाणगवत वाढले, पाखरे आली. २०२० साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. लोक तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात.

खऱ्या भरतपुरात काय झाले? राजस्थानातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशी चारायला बंदी केली. गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच पाहणीत दिसले, की म्हशी गेल्या, गवत माजले आणि पाखरांचे उघडे पाणी झाकून गेले. कुंपणाने एवढेच साधले! २००४ साली पाऊस कमी पडला, तेव्हा वरच्या शेतकऱ्यांनी पांचना धरणाचे पाणी सोडू दिले नाही. त्यांना दोष कोण देणार? घरचे पीक वाळत होते. पण उद्यान कोरडे पडले.

आता पावसाचेच बिनसले आहे. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडले. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि धरलेले एकदम ओतते. मग कापूस पाण्याखाली, आणि पुढे उघडीप पडली की त्याच रानाला भेगा.

अशा पावसात रान खरवडून निघते. पूर्णेच्या वरच्या अंगाची काळी माती सिद्धेश्वर धरणात जाऊन बसते. थोड्या गाळाने नांदूरला पाखरे आली हे खरे, पण गाळ भरतच गेला तर पाणी ना पाखरांना उरेल, ना पाटाला.

म्हणून मागणी अशी : तळ्याला कुंपण घालण्याआधी वरच्या रानांच्या बांधबंदिस्तीला पैसा द्या. गाळ काढाल तो पाखरांची वीण सांभाळून काढा आणि आमच्या रानात टाकू द्या. तुटीच्या वर्षी कुणाला किती पाणी, हे पावसाळ्याआधी शेतकऱ्यांना समोर बसवून ठरवा. उताराला आडवी पेरणी आपली आपण करू, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

ठरावाचा कागद मंडपात फिरतो आहे. धरणाच्या वरच्या गावांनी आधी सह्या कराव्यात.