चांद्याचा तट आणि पटावरची मांडणी

(हेमलकसा येथे युवकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळी आली की महाराष्ट्रात घरोघरी अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. दगड-विटांवर पोते, पोत्यावर चिखल, चिखलावर पेरलेल्या मोहरीची हिरवळ आणि मग मावळ्यांची चित्रे मांडण्याची मुलांची लगबग. त्या मांडणीकडे जरा बारकाईने पाहिले तर एक गोष्ट हटकून आढळते. सगळे मावळे तटावर, तोफा दारात आणि किल्ल्याचा मध्य मात्र रिकामा. शत्रू कोणत्या अंगाने येईल, तट फुटला तर आतून कोण धावेल, हे प्रश्न त्या मांडणीला कोणी विचारीत नाही. मुलांच्या खेळात त्याने काही बिघडतही नाही. परंतु इतिहासात हीच मांडणी खऱ्या माणसांनी, खऱ्या तटावर केली आणि तिची किंमत रक्ताने मोजली, असे घडले आहे. म्हणून बचाव करणाऱ्याची पहिली मांडणी चांगली की वाईट हे कशावरून ठरवावे, एवढ्या एकाच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

चतुरंग हा आपल्याकडचा प्राचीन खेळ. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे त्यात पटावर आली. मात्र बुद्धिबळात आरंभीची मांडणी ठरलेली असते. राजाचे घर कोणते आणि प्याद्यांची रांग कुठे, याबाबत खेळाडूला निवड नाही. युद्धपटाचे तसे नाही. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यातील रायस्वित्झ या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भूभागाच्या नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात फासे होते, काळाचे मोजमाप होते आणि निवाडा करणारा पंच होता. तो खेळ त्या सैन्याच्या शिक्षणाचा भाग झाला. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि युद्धपट घरातील टेबलावर आला. या खेळांत बचाव करणाऱ्याला आपली सोंगटी कोठे ठेवावयाची याचे बरेच स्वातंत्र्य असते. साहजिकच पहिला फासा पडण्यापूर्वीच अर्धा डाव ठरून गेलेला असतो.

आता हा पट परक्या देशात शोधण्याचे कारण नाही. चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, आपल्या परिचयाचे आहे. गोंड राजांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेला तेथील परकोट आजही उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर ही चार दारे, शिवाय पाच खिडक्या. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि दक्षिणेला दोघींचा संगम. अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ साली तेथे गंगासिंग हा किल्लेदार होता. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ बाजीराव पेशव्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर कर्नल ॲडम्स मोठ्या तोफा घेऊन चांद्यावर आला. मे महिन्यात वेढा पडला, दक्षिणेच्या अंगाला तटास खिंडार पडले आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शहर हल्ला करून घेतले गेले. गंगासिंगाचा या वेढ्यात अंत झाला. बचाव करणाऱ्यांचे शेकडो लोक पडले, हल्लेखोरांची हानी त्या मानाने फारच थोडी झाली.

सैनिकांच्या शौर्यात उणीव होती असे म्हणावयास आधार नाही. मग ही मांडणी पटावर ठेवून तपासू. तपासणीची पहिली कसोटी अंकगणिताची आहे. तटाचा घेर दहा-अकरा किलोमीटर. आतील शिबंदी दोन-तीन हजारांच्या आसपास. मध्यम आकडा अडीच हजार धरला आणि प्रत्येक माणूस तटावर उभा केला, तर दर चार मीटरला एक माणूस येतो. परंतु माणसाला झोप लागते, भूक लागते. तीन पाळ्या केल्या की बारा मीटरला एक. आणि तोफेने जेथे खिंडार पाडले, तेथे हल्ला करणारा शेकड्यांनी आत घुसतो. म्हणजे जो तट शहराच्या वैभवाची साक्ष होता, तोच थोड्या शिबंदीसाठी ओझे ठरला. पटावर नवखा खेळाडू नेमकी हीच चूक करतो. प्रत्येक घर राखावयास जातो आणि कोणतेच घर राखू शकत नाही.

दुसरी कसोटी राखीव दलाची. तटावर केवळ पहारा ठेवून निम्मी शिबंदी शहराच्या मध्यभागी ठेवली तर काय होईल? एवढ्या घेराच्या शहरात मध्यापासून तटापर्यंत दीड-दोन किलोमीटर अंतर धरावे लागते. म्हणजे हाक आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटे. खिंडारावरचा हल्ला त्याहून कमी वेळात आत पोहोचू शकतो. मात्र खिंडार एका दिवसात पडत नाही. तोफा कोणत्या बुरुजाकडे तोंड करून उभ्या आहेत हे आतल्याला दिसत असते. तेव्हा राखीव दल मध्यावर स्वस्थ न ठेवता त्या बाजूच्या आत, तोफांच्या माऱ्याच्या आडोशाला आणून ठेवता येते. शिवाय खिंडारामागे दुसरी आडवी भिंत, खंदक, रचलेले लाकूड अशी तयारीही करता येते. ज्या मांडणीत अशी सोय आहे ती चांगली. ज्या मांडणीत सगळी सोंगटी पहिल्याच दिवशी आपापल्या घराला खिळली, ती वाईट.

तिसरी कसोटी काळाची. येथे हेमलकशाच्या तरुणांना शहरातील खेळाडूपेक्षा अधिक कळते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाट कशी तुटते, हे येथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. नदी चार महिने तट असते आणि उरलेले महिने वाट असते. नकाशावर मात्र ती बारा महिने एकाच निळ्या रेघेने काढलेली असते. चांद्याच्या दोन बाजूंच्या नद्या मे महिन्यात आटलेल्या होत्या. त्यांच्या भरवशावर पश्चिम आणि पूर्व बाजू मोकळी सोडणे धोक्याचे होते. परंतु अवघ्या तीन-चार आठवड्यांनी मृगाचा पाऊस अपेक्षित होता. पाऊस लागला की चिखलात जड तोफा ओढणे कठीण, दारूगोळा कोरडा ठेवणे कठीण, छावणीत रोगराई. म्हणजे बचाव करणाऱ्याला शत्रूचा पराभव करावयाचा नव्हताच; त्याला पंधरा जूनपर्यंत टिकावयाचे होते. हे ध्येय एकदा निश्चित झाले की सगळी मांडणी बदलते. मग काही शे घोडेस्वार वेढा पडण्यापूर्वीच बाहेर जंगलात ठेवावेत, त्यांनी तोफा ओढणाऱ्या बैलांवर आणि रसदेवर छापे घालावेत आणि शत्रूचा एकेक दिवस खावा, ही चाल पटावर सर्वांत फलदायी ठरण्याजोगी आहे.

चौथी कसोटी बाहेरच्या मदतीची. वेढलेला किल्ला हा कोणाची तरी वाट पाहत असतो. पांढरकवड्याच्या पराभवानंतर चांद्याला सोडवण्यास येईल असे मोठे सैन्य जवळपास उरले नव्हते. नागपूरचे अप्पासाहेब भोसले त्याआधीच इंग्रजांच्या कैदेत पडले होते. त्यामुळे उत्तम मांडणीनेही चांदा कायमचे वाचले असते असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पावसाळाभर ते टिकले असते, इतकेच फार तर म्हणता येईल. पण त्या दिवसांत चार महिने ही लहान गोष्ट नव्हती.

अप्रामाणिकपणाचा उल्लेख आला म्हणून एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेपूर्वी जपानी नौदलाने पटावर सराव केला. फाशांच्या कौलाने जपानी विमानवाहू नौकांवर नऊ तडाखे बसले. तेव्हा पंच असलेल्या उगाकी या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते तीनच धरावयास लावले आणि बुडालेली ‘कागा’ नौका पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. जपानी वैमानिक फुचिदा यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये प्रत्यक्ष समुद्रात ‘कागा’सह चार विमानवाहू नौका बुडाल्या. तेथे फासा फिरवणारा कोणी नव्हता. आपली मांडणी तपासताना आपणच पंच होऊ नये, हा त्यातील धडा. बाजू बदलून बसावे आणि आपल्याच तटावर मनापासून हल्ला करून पाहावा.

चांद्यानंतर चाळीस वर्षांनी याच मुलखात अगदी उलट मांडणी झाली. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांच्यासोबत होते. त्यांनी तट धरला नाही. डोंगर, घनदाट अरण्य आणि गावोगावची माणसे हाच त्यांचा कोट. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. युद्धपटाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे बचाव करणाऱ्याची सोंगटी पालथी ठेवलेली असतात. शत्रूला आधी शोधावे लागते, मग लढावे लागते. राखण्यासाठी दहा किलोमीटरची भिंत नाही, म्हणून माणसे विखुरली जात नाहीत. मूठभरांसाठी ही मांडणी चांद्याच्या मांडणीहून निःसंशय सरस होती, आणि रणात ती सहजासहजी मोडली नाही.

ती मोडली दुसऱ्याच ठिकाणी. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना आपल्या बाजूला वळवले. त्यांच्या माणसांकरवी बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस. ज्या मांडणीत जंगल हाच तट असतो, तेथे आसऱ्याचे प्रत्येक घर हा एक दरवाजा असतो आणि त्यातील एक जरी आतून उघडले तरी कोट पडतो. दगडी तटाचे खिंडार दुरून दिसते. हे खिंडार दिसत नाही. म्हणून विश्वासाची घरे कोणती, दबाव आला तर त्यांतील कोणती टिकतील, हे आरंभीच मोजावे लागते. ही पाचवी कसोटी, आणि ती कोणत्याही छापील नियमपुस्तकापेक्षा या मुलखाच्या इतिहासाने अधिक स्पष्टपणे शिकवली आहे.

येत्या दिवाळीत अंगणात किल्ला होईलच. मुलांनी चित्रे मांडल्यावर घरातील मोठ्यांनी शेजारी बसून पाच गोष्टी विचाराव्यात. माणसे किती आणि तट किती? राखीव कोण? महिना कोणता धरला आहे? मदत कोठून येणार? आणि भरवसा कोणावर? उत्तरे देताना मुले दोन-चार मावळे तटावरून उचलून आत आणतील, एखाद-दुसरा घोडेस्वार बाहेरच्या झुडपात लपवतील. तेवढे झाले तरी चांद्याच्या तटावर पडलेल्यांची आठवण योग्य रीतीने जागी ठेवली, असे म्हणता येईल.