शाळेचा प्रश्न सीमेच्या दावणीला

दर 1 जूनला कर्नाटकातल्या बेळगावजवळ हिंडलग्याला मराठी भाषक हुतात्म्यांना अभिवादन करतात. 1986 साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला ते बळी पडले. आंदोलनाचे निमित्त शाळेतल्या भाषेचे होते. पण सीमाभागाच्या राजकारणात शाळेची मागणी कायम सीमाप्रश्नाच्या दावणीला बांधलेली राहिली. ती आता सोडवून घ्यावी, असे मला वाटते. बेळगावसह सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज मिळवती झाली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, हे राज्यघटनेचा 350क हा अनुच्छेद 1956 पासून सांगतो, आणि तो बेळगाव कोणत्या राज्यात आहे हे विचारत नाही.

सीमेचा ध्यास सोडला तर चळवळीत जीव उरणार नाही, असा आक्षेप येईल. मोर्च्यांपुरता तो खराही आहे. पण गोकाक समितीच्या अहवालानंतर कर्नाटकाने 1982 मध्ये माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा ठरवली, तेव्हा भाषिक अल्पसंख्याकांची समिती उच्च न्यायालयात गेली आणि 1989 मध्ये पूर्णपीठाने ती सक्ती रद्द केली. सीमारेषा होती तिथेच राहिली. शाळेच्या मागणीवर कर्नाटकातले उर्दू, तेलुगू, तमिळ भाषकही सोबत येऊ शकतात. बेळगाव महाराष्ट्रात जावे म्हणून ते कशाला येतील?

मात्र कन्नड हा विषयच नको, ही मागणी टिकणारी नाही. मुंबईतल्या गुजराती भाषकांच्या इंग्रजी शाळांवरची मराठीची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये वैध ठरवली, आणि आपण ती आनंदाने स्वीकारली. 2020 मध्ये तर महाराष्ट्राने सगळ्याच शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा केला. मग कर्नाटकाच्या 2015 च्या कन्नड अध्ययन कायद्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? भांडायचे ते माध्यमासाठी, मराठी शिक्षकांच्या नेमणुकांसाठी, मराठी पाठ्यपुस्तकांसाठी. त्यातही एक अडचण आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये माध्यमाची निवड पालकांवर सोडली, आणि ही मोकळीक इंग्रजी शाळांच्याच पथ्यावर पडते. त्या पालकांना परत आणायला मराठी शाळा चांगलीच चालवावी लागेल. घोषणा तिथे कामाच्या नाहीत.