देव गप्प वाटतो तेव्हा

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली रामनवमीला जन्मलेल्या नारायणानं, म्हणजेच रामदासांनी, पुढं नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षं तप केलं, असं परंपरा सांगते. इतकी साधना करणाऱ्याच्या करुणाष्टकांतही मन आवरत नसल्याची कबुली आणि देव भेटत नसल्याची तळमळ आहे. म्हणजे मनाला आलेला कोरडेपणा हा श्रद्धा संपल्याचा पुरावा ठरत नाही. तो साधनेच्या वाटेवरचाच एक टप्पा असू शकतो.

मग करायचं काय? रामदासांच्या ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात नवविधा, म्हणजे नऊ प्रकारांची, भक्ती सांगितली आहे. त्यांतल्या श्रवण, कीर्तन, अर्चन, वंदन यांची सुरुवात कानांनी, वाणीनं, हातांनी करता येते. आधी मन भरून यावं, अशी अट नाही. भावनेची वाट पाहत नेम सोडला, तर तिच्या परतण्याची वाटच बंद होते. कुणी म्हणेल, भाव नसताना जप करणं हे ढोंग नाही का? ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असतं. एकांतातला नेम कुणाला दाखवणार? आक्षेपात तथ्य एवढंच, की नेम झेपेल इतका लहान हवा. मात्र झोप, भूक, कामातलं लक्षही आठवडेच्या आठवडे हरवलं असेल, तर डॉक्टरांकडे जावं. त्यानं श्रद्धा उणी होत नाही. बाकीच्यांनी उद्या ठरल्या वेळी पाच मिनिटं बसावं.