दिवा हिरवा आहे ना?

आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक विमान आहे. म्हणजे विमानाचा पुढचा भाग, वैमानिक बसतात तेवढाच. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतली मुले त्याला 'काकांचे विमान' म्हणतात. ते जागचे हलत नाही, पण संध्याकाळच्या चहानंतर मी त्यात बसतो आणि रात्रीच्या जेवणाआधी मुंबईहून दिल्लीला पोहोचतो.

हा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. एकोणिसाव्या वर्षी मला वैमानिक व्हायचे होते. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पाने पुढे केली. ठिपक्यांत दडलेले आकडे मला दिसलेच नाहीत. लाल आणि हिरवा यांतला फरक माझ्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे त्या दिवशी समजले. पुढे बँकेत नोकरी केली. निवृत्त झालो आणि बोईंग ७३७ चे कॉकपिट बांधायला घेतले.

हाताशी असेल त्या सामानातून विमान करणे तसे नवे नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवर विमान शिकवणारे यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा ऑर्गनचा भाता वापरून त्यांनी ते खोटे विमान डोलवले. सुरुवातीला ते करमणुकीच्या बागांतच खपले. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक दगावले, तेव्हा कुठे लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली.

माझ्याकडे भाता नाही. सांगाडा एमडीएफचा, खुर्च्या जुन्या बाजारातून आणलेल्या मोटारीच्या. इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्याखाली, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतो तसलाच पोटेन्शिओमीटर आहे. दांडा किती सरकला हे आर्डुइनो नावाचे छोटे कार्ड त्यावरून ओळखते आणि संगणकाला कळवते. खऱ्या ७३७ मध्ये दोन्ही वैमानिकांची सुकाणू एकमेकांना जोडलेली असतात. एक वळले की दुसरेही वळते. मी ती सायकलच्या चेनने जोडली.

घोडे अडले ते तारांपाशी. शेकडो तारा, आणि त्यांची ओळख रंगावरून! एकदा हिरवी समजून बारा व्होल्टची लाल तार पाच व्होल्टच्या जागी जोडली. कार्ड जळाले, खोलीभर धूर. सौ. धावत आली. "अहो, ही लाल आहे!" ठिपक्यांच्या त्या पानांविषयी इतकी वर्षे माझ्या मनात अढी होती. त्या दिवशी वाटले, मागे पावणेदोनशे प्रवासी बसले असते तर?

तेव्हापासून ती तारांचे रंग सांगते आणि मी प्रत्येक तारेवर पट्टी चिकटवून आकडा लिहितो. हळूहळू ती उजव्या खुर्चीत येऊन बसू लागली. विमान उतरवण्याआधी एक यादी वाचायची असते. एकाने विचारायचे, दुसऱ्याने पाहून उत्तर द्यायचे. तोंडपाठ असली तरी वाचायचीच. विश्वास नाही म्हणून नव्हे, तर माणूस चुकतो म्हणून. त्या यादीत 'फ्लॅप्स?' या प्रश्नाचे उत्तर असते, 'तीस, दिवा हिरवा.'

दिवा लागलेला मला दिसतो. रंग मात्र मी तिला विचारतो. ती चष्मा सावरून, वाकून बघते आणि म्हणते, "हिरवा आहे. उतरवा आता, कुकर लावायचाय."