बाळाचं ताट आणि आपलं ताट



घरात पाळणा हलणार म्हटलं की पाळण्याच्या आधी अळीव येतात. डिंक, खारीक, सुकं खोबरं, मेथ्या, सुंठ, बाळंतशेपा, अशी लांबलचक यादी वाण्याकडे जाते. जे मूल अजून जगात आलेलं नाही, ते आपल्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन मोकळं झालेलं असतं. पुढची काही वर्षं घरात काय शिजतं, किती तिखट असतं, किती वाजता पानं मांडली जातात, हे सगळं तेच ठरवतं. आज बोलायचंय ते या उलथापालथीबद्दल. त्यातही मुलाच्या खाण्याइतकंच आईबापांच्या खाण्याबद्दल, कारण त्याकडे सहसा कुणी बघत नाही.

‘आता दोन जिवांचं खायचं हं’ असं प्रत्येक गर्भवतीला सांगितलं जातं. प्रेमापोटी सांगतात, पण हिशेब चुकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार गरोदरपणात रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक भाकरी आणि वाटीभर उसळ. दुप्पट जेवण नव्हे. खरी जास्तीची भूक लागते ती बाळंतपणानंतर. बाळ अंगावर पीत असतं तेव्हा पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी अधिक हव्यात. आणि आपली गंमत अशी, की डोहाळजेवणाला ताटात जागा उरत नाही आणि बाळंतीण झाल्यावर तिच्यामागे पथ्यं लागतात. हे वातूळ, ते थंड, फळं नकोत, पालेभाजी नको, पाणी बेतानं पी.

जुनं ते सगळं टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. बाजरीची भाकरी, तूप, लसणाची चटणी, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर हा विचार करून रचलेला आहार आहे. रात्री दोनला बाळाला पाजून झाल्यावर पोटात खड्डा पडतो, तेव्हा उशाशी लाडवाचा डबा असण्यासारखं सुख नाही. पण पाणी तोडण्याला काहीही आधार नाही. पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते. तिनं तहान लागेल तेव्हा पोटभर प्यावं.

लसणावरून आठवलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची संस्था आहे, चव आणि वास यांचाच अभ्यास करणारी. तिथल्या ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी 1991 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाजणाऱ्या आयांना त्यांनी लसणाच्या कॅप्सूल दिल्या. साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास येऊ लागला. बाळं तोंड फिरवतील असं कुणालाही वाटेल, पण उलट ती जास्त वेळ पीत राहिली. पुढे 2001 मध्ये मेनेला यांनी गाजराच्या रसावर काम केलं आणि दाखवलं, की गरोदरपणात किंवा पाजताना आईनं जी चव घेतली, ती बाळाला पुढे परकी वाटत नाही. म्हणजे आपल्या घरच्या लसूण-जिऱ्याची ओळख बाळाला उष्टावणाच्या बरंच आधी झालेली असते. बाळंतिणीच्या ताटात निरनिराळ्या भाज्या का हव्यात, याचं हे आणखी एक कारण.

सहा महिने पुरे झाले की उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसून, चांदीच्या वाटीतल्या खिरीचं बोट चाटून बाळ जेवायला लागतं. इथं घरोघरी एक चूक होते. कुकर उघडला की आजी वरणावरचं निवळ पाणी पळीनं अलगद काढून घेतात आणि बाळाला भरवतात. ‘सगळं सत्त्व त्यात उतरतं’ म्हणे. प्रत्यक्षात डाळ राहते तळाशी आणि बाळाचं इवलंसं पोट भरतं पाण्यानं. ती तळची डाळच घोटून घ्या, मऊ भातात कालवा, वर चमचाभर तूप सोडा. चमचा तिरका केला तर घास ओघळून न पडता चमच्यालाच धरून राहिला पाहिजे, इतका दाट. तीच गोष्ट चहात बुडवलेल्या बिस्किटाची. सहाव्या महिन्यानंतर बाळाच्या शरीरातला लोहाचा साठा संपत येतो आणि चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात 11 टक्क्यांच्या आसपास भरली. याला गरिबी हे मोठं कारण आहे, पण ते एकच कारण नाही.

आता आईबापांकडे वळू. पूर्वी रात्री साडेनऊला आरामात जेवणारं जोडपं आता साडेसातला एक पंगत उठवतं आणि दहाला दुसरी, तीही आळीपाळीनं आणि उभ्याउभ्या. भाजी फिकी होते. मिसळ खायला म्हणून निघालेले दोघं दहीभात मिळेल अशा हॉटेलात जाऊन बसतात. हे चालायचंच. पण आईच्या पोटात जातं काय, तर मुलानं टाकलेलं. दोन घास खिचडी, अर्धं थालीपीठ, सालीसकट काळं पडलेलं केळं. ‘वाया कशाला घालवायचं?’ दिवसभर असं वेचून खाल्लं की जेवणाची भूक मरते आणि जेवल्याचं समाधानही मिळत नाही. अन्न टाकू नये हे खरंच. मग मुलाच्या वाटीत कमी वाढा आणि मागितलं तर पुन्हा वाढा.

बाबा सुटलेत असं समजू नका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या क्रेग गारफिल्ड यांनी दहा हजारांहून अधिक पुरुषांची वीस वर्षांची माहिती तपासून 2015 मध्ये सांगितलं, की बाप झाल्यावर वजन वाढतं. मुलासोबत राहणाऱ्या सहा फुटी बापाचं सरासरी दोन किलो वाढलं, आणि मूल नसलेल्या पुरुषांचं त्याच काळात किंचित घटलं. अपुरी झोप हे त्याचं एक कारण असू शकतं. झोप मोडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं घटतं. बाकीचं काम मुलांसाठी आणलेल्या चिप्स आणि क्रीमची बिस्किटं करतात.

आणि मूल? ते सगळं बघत असतं. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं नवीन पदार्थ दिसला की तोंड घट्ट मिटतात. हा हट्ट नव्हे, ते वयच तसं असतं. एखादी भाजी आठ-दहा वेळा समोर आली, की मग कुठे तिची ओळख पटते. आपण मात्र तिसऱ्या वेळेलाच ‘याला दोडका आवडत नाही’ असं जाहीर करून टाकतो. मग मोबाइलवर कार्टून लावून घास कोंबले जातात. एमी गॅलोवे, लीअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये लहान मुलांना दोन प्रकारची सूप देऊन पाहिली. एका सूपच्या वेळी ‘संपव हं’ असा लकडा लावला, दुसऱ्याच्या वेळी गप्प बसले. मुलांनी जास्त प्यायलं ते लकडा न लावलेलं सूप. काय वाढायचं आणि केव्हा वाढायचं ते आपण ठरवावं. किती खायचं ते मुलावर सोडावं.

मला विचाराल तर मुलासाठी वेगळं रांधण्याची गरज वर्षाच्या पुढे फारशी उरत नाही. भाजी शिजली की तिखट घालण्याआधी त्याच्या वाटीपुरती बाजूला काढा. मोठ्यांना झणझणीत हवं असेल तर पानात ठेचा घ्या. मूल बसू लागलं की त्याला पंगतीत घ्या आणि तुमच्याही पानात तोच दोडका वाढून घ्या.

मूल अजून तान्हं असेल, तर बाबांना एक सांगणं आहे. पोळ्या तव्यावरून उतरत असतील तेव्हा बाळाला खांद्यावर टाका आणि जिना उतरून अर्धा तास खाली फिरून या. पोळी गरम असताना बाळाच्या आईला बसून जेवायला कधी मिळालं होतं, ते एकदा विचारून बघा.