तृणमणी : एका मण्याच्या निमित्ताने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात सोन्याविषयी कोणीतरी बोलावे, असे चिटणिसांनी सुचविले आणि माझी नोकरी सीमाशुल्क खात्यातली म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी साधा बी. ए. झालेला मनुष्य. सोन्याची पारख मला आहे ती कागदोपत्रीच. शिवाय सोन्याविषयी या शहरात नव्याने काय सांगावयाचे? पाँडीबाजार आणि उस्मान रोड ज्यांच्या पायाखालचे आहेत, त्या येथील भगिनींना ते माझ्याहून अधिक कळते. म्हणून चिटणिसांची परवानगी घेऊन मी सोन्याशेजारी बसणाऱ्या, पण सोन्याहून पुष्कळच हलक्या अशा एका पदार्थाविषयी बोलणार आहे. इंग्रजीत त्याला अँबर म्हणतात.

आपल्याकडे ‘अंबर’ म्हटले की आकाश किंवा वस्त्र आठवते. अरबीतला ‘अंबर’ हा देवमाशापासून मिळणारा सुगंधी पदार्थ. त्याचे नाव युरोपात घोटाळ्याने या पिवळ्या खड्याला चिकटले. संस्कृतातले नाव अधिक नेमके आहे : तृणमणी. लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीतल्या ‘काहरुबा’ या नावाचाही अर्थ तोच, गवत ओढणारा. ग्रीकांनी याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले आणि त्या शब्दावरून १६०० साली विल्यम गिल्बर्टने या ओढीला जे विशेषण दिले, त्यातूनच आजची ‘इलेक्ट्रिसिटी’ आली. आपल्या घरातला दिवा असा एका मण्याच्या नावावर जळत असतो.

वस्तुतः हा खडा नव्हेच. प्राचीन वृक्षांच्या खोडांतून ओघळलेली राळ मातीखाली दबून कोट्यवधी वर्षांत घट्ट झाली, तो हा तृणमणी. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरचा सर्वांत प्रसिद्ध असून तो सुमारे ४ कोटी वर्षांचा मानतात. भारतातही तो सापडतो. सुरत जिल्ह्यातील वास्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत मिळालेल्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या तृणमण्याविषयीचे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात अडकलेल्या शेकडो कीटकांमुळे जगभर कुतूहल निर्माण झाले होते. ती राळ ज्या वृक्षकुळाची होती, त्याच कुळात आपला साल वृक्ष येतो. आपण धुपात घालतो ती राळ सालाचीच.

सरकारी दप्तरात याचे स्थान मोठे मौजेचे आहे. सीमाशुल्काच्या सूचीत रत्नांचे प्रकरण वेगळे असते, परंतु न घडवलेला तृणमणी त्यात येत नाही. तो मीठ, गंधक, चुना आणि सिमेंट यांच्या प्रकरणात, अगदी शेवटच्या ओळींत बसविलेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते वाचून मला हसू आले होते, कारण तसला एक मणी आमच्या घरी होता आणि आमची आई त्याला सिमेंटच्या पंगतीला कधीच बसू देती ना.

त्या मण्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुलेच अधिक. पूर्व पोलंडमधून त्यांना सोव्हिएत रशियात हद्दपार करण्यात आले होते. तेथून ती १९४२ नंतर इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांची स्मृतिखूण उभी आहे. माझे आजोबा छावणीत भाजी पोहोचवीत आणि कधीकधी आजीही बरोबर जात असे. तेथील एका बाईशी तिची ओळख जडली. भाषा दोघींचीही दोघींना येत नसे. परतीच्या वेळी त्या बाईने गळ्यातल्या दोऱ्यात उरलेला मधाच्या रंगाचा एकुलता एक मणी काढून आजीच्या हातावर ठेवला. माळेतले बाकीचे मणी वाटेत कोठे गेले असतील, हे आजीने विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तर कळले नसते.

आजीकडून तो आईकडे आला. लहानपणी आम्ही भावंडे तो लुगड्याच्या काठावर घासून कागदाचे कपटे उचलावयाचे. तान्ह्या मुलाच्या मनगटाला तो दृष्टमणी म्हणूनही बांधला गेला. आई गेली आणि डबी उघडली, तेव्हा मणी एक आणि वारस दोन : कोल्हापूरची माझी थोरली बहीण आणि मी. त्यावरून आमच्यात जे झाले ते मोठ्या मालमत्तेवरूनही होऊ नये. वर्षभर आक्का माझ्याशी मोजकेच बोलली. अखेर मी सरकारी न्यायबुद्धीने तोडगा काढला की मणी मधोमध कापावा आणि दोन लोलक करावे. माझी मुलगी दागिन्यांच्या आरेखनाचे शिक्षण घेत होती. काम तिच्याकडे सोपविले.

तिने प्रथम विचारले, “बाबा, पण हा खरा आहे का?”

प्रश्न रास्त होता. बाजारात तृणमणी म्हणून बेकेलाइट आणि नाना प्रकारचे प्लास्टिक विकले जाते. कोपाल नावाची कोवळी राळ विकली जाते. खऱ्याच्या चुऱ्याला उष्णता व दाब देऊन बनविलेला मणीही असतो. घरी एवढेच करता येते की मिठाच्या संपृक्त पाण्यात मणी सोडून पाहावा. खरा तरंगतो, बेकेलाइट बुडतो. परंतु कोपालही तरंगतो, तेव्हा ही परीक्षा अर्धीच. आमचा तरंगला.

मग मी साहुकारपेठेतल्या आपल्या एका गलाई बंधूंकडे गेलो. विटे, खानापूर, आटपाडी या भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली ही मंडळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांनी मणी हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि लगेच परत दिला. “साहेब, सोनं आम्ही कसाला लावतो, मुशीत घालतो. ह्याला मुशीत घातलं तर धूर निघंल, दुसरं काय?” प्रयोगशाळेत अवरक्त किरणांची तपासणी झाली, तेव्हा मणी बाल्टिकचा अस्सल ठरला. मात्र भोकापासून निघालेली एक बारीक चीरही दिसली. कापला असता तर दोनच्या ऐवजी पाच तुकडे झाले असते.

येथे आजच्या कलात्मक दागिन्यांविषयी थोडे सांगावयास हवे. तृणमण्याला चकचकीत करण्याकडे बाजाराचा कल असतो. उष्णता देऊन त्याच्या पोटात गोल चकत्यांसारख्या चमकत्या चिरा पाडतात, गढूळपणा घालवितात. कलावंतांनी वाट वेगळी धरली. कोपनहेगनच्या जॉर्ज जेन्सनने विसाव्या शतकाच्या आरंभी हा किनाऱ्यावरचा स्वस्त पदार्थ चांदीत जडवून प्रतिष्ठेला नेला. पोलंडमधील ग्दान्स्क येथे १९९४ पासून तृणमण्याचे मोठे प्रदर्शन भरते आणि तेथील तृणमणी संग्रहालय २०२१ पासून जुन्या प्रचंड गिरणीच्या इमारतीत आहे. तिकडचे आजचे कारागीर मण्यावरचे खडबडीत कवच तसेच ठेवतात, पोटातली काडी-कचरा झाकीत नाहीत, पोलाद किंवा लाकूड यांच्याशी त्याची जोडी लावतात. माझ्या मुलीने मला ती छायाचित्रे दाखविली. सगळीच मला आवडली असे म्हणणार नाही. काही दागिने गळ्यात घालण्यापेक्षा दारावर टांगण्याजोगे वाटले. पण मण्याचे वय मण्यावर दिसू द्यावे, ही गोष्ट मनाला पटली.

खरी अडचण घडणीची होती. तृणमण्याजवळ डाख देता येत नाही. फुंकणीची ज्योत लागली की तो तडकतो, जळतो. मैलापूरचे एक वृद्ध सोनार या कामी धावून आले. (तमिळमध्ये सोनाराला ‘आसारी’ म्हणतात. मी पहिल्या वर्षी ते ‘आचारी’ असे ऐकून यांना पंक्तीच्या स्वयंपाकाविषयी विचारले होते!) त्यांनी तृणमणी पूर्वी कधी हाताळला नव्हता. त्यांनी भिंगातून पाहिले आणि सांगितले की भोक हाताने, दोन्ही बाजूंनी पाडलेले आहे, मध्ये ते किंचित चुकलेही आहे. नंतर म्हणाले, याला कोंदणच हवे.

कोंदण! आपण हा शब्द उपमेत वापरून गुळगुळीत केला आहे. मूळ प्रक्रिया अशी : घर आधी पूर्ण घडवावयाचे, डाखाचे काम तेव्हाच संपवावयाचे, मग पोकळीत लाख भरावयाची, ती उबेने मऊ करून खडा बसवावयाचा आणि शुद्ध सोन्याची पातळ पट्टी थंडच दाबून कडा बंद करावयाची. लाख ज्या उबेला मऊ होते, ती तृणमण्याला बाधत नाही. आणि लाख म्हणजे तरी काय? पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांनी स्रवलेली राळच. आईच्या कोल्हापुरी साजाच्या पानांत तीच भरलेली होती. साज मोडावयास नेला की सोनार लाखेचे वजन वजा करतो, म्हणून आई लाखेवर नेहमी रुष्ट असे. त्याच लाखेच्या गादीवर आता तिचा मणी बसला.

दागिना चांदीचा असून कडेला सोन्याची रेघ आहे. मागची बाजू उघडी ठेवली आहे, म्हणजे उजेड आरपार जातो आणि चीर स्पष्ट दिसते. ती लपवावी असा माझा आग्रह होता. मुलीने तो मानला नाही.

मणी कापला नाही, तेव्हा वाटणीचा प्रश्न उरलाच. मी दागिना घेऊन कोल्हापूरला गेलो. आक्काने तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, पदरावर घासला आणि वर्तमानपत्राचा कोपरा फाडून त्याचा कपटा उचलून पाहिला. “अरे, अजून ओढतोय की!” एवढेच म्हणाली आणि चहा ठेवावयास आत गेली. दागिना आता तिच्याकडेच असतो. या समारंभासाठी तिने तो आठ दिवसांच्या बोलीने दिला आहे आणि परतीचे तिकीट काढल्याची खात्री माझ्याकडून दोनदा करून घेतली आहे.

कार्यक्रमानंतर तो बाहेरच्या मेजावर ठेवला जाईल. अवश्य पाहावा, हातातही घ्यावा. फक्त अत्तर लावलेल्या हातांनी घेऊ नये, त्यातल्या मद्यार्काने याची झिलई जाते. आणि मुलांना कागदाचे कपटे उचलून पाहावयाचे असतील, तर त्यांना कोणी अडवू नये.