जाहिरात लिहिणं हेही लेखकाचं काम



सिरोंच्यात, प्राणहितेच्या काठी, साहित्याच्या व्यासपीठावरून मी आज जाहिरातीविषयी बोलणार आहे. आपल्याकडे कवीला मान आहे, कादंबरीकाराला आहे. जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याला आपण लेखकांत धरतच नाही. मला हे मुळीच पटत नाही. या गडचिरोली जिल्ह्यात तर चार ओळींच्या मजकुरावर गावाची वर्षाची कमाई अवलंबून असते.

विडीसाठी लागणाऱ्या तेंदूच्या पानांचंच घ्या. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना हक्क देणाऱ्या पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या बळावर ज्या ग्रामसभा आपला तेंदू स्वतः विकतात, त्या लिलावाची जाहीर सूचना काढतात. ती जाहिरातच. पण सुरुवात कशी? ‘सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की...’ ७० पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची प्रमाण गोणी, हा हिशेब कंत्राटदाराला पाठ असतो. त्याला कळायला हवं की अशा गोण्या किती निघतील, गेल्या हंगामात किती निघाल्या, झुडपांची छाटणी झाली का, फळीपर्यंत, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागेपर्यंत, ट्रक जातो का. हे सगळं पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे. अटी-शर्ती खाली येऊ द्या.

हे शिकायचं कुठे? माझ्या मते शंकरराव किर्लोस्करांकडे. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला पडून राहिले; लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. माल उत्तम असून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या मनातली शंका आधी काढावी लागते. शंकररावांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याचा माल आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालायला. त्याच अंकांतून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं आणि मराठी कथेला, वैचारिक लेखनाला हक्काची जागा मिळाली. जाहिरातीला हलकं समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

आता आपला कलेक्टर आंबा. ‘अवीट गोडीचा, फळांचा राजा’ असं लिहिलं तर ते कुठल्याही आंब्याला लागू पडतं. त्याऐवजी लिहा: ‘सिरोंच्याचा कलेक्टर. एक फळ कापा, घरातल्या चौघांना वाढा.’ वाचणाऱ्याला फळाचा आकार दिसतो आणि खर्चाचा हिशेबही लागतो. विशेषणं खोडत जा. उरलेल्या वाक्यात माल दिसतो का, ते बघा. मग तो मजकूर बाजारातल्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती जिथे अडेल तिथे लेखकानं अडायचं. गोदावरीच्या पुलापलीकडचा व्यापारी तेलुगू वाचतो. त्याच्यासाठी तेलुगूत वेगळा मजकूर लिहा, तेलुगू जाणणाऱ्याला शेजारी बसवून.

एका बाबतीत मी कठोर आहे. जंगलातल्या मुळ्यापाल्याला मधुमेहावरचा रामबाण म्हणून विकणारा मजकूर कुणी मागितला, तर लिहू नका. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यानं अशा जाहिराती गुन्हा ठरतात. आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण अशी जाहिरात वाचून कुणीतरी आपलं औषध बंद करतो.

सिरोंचा, अहेरी, भामरागडच्या तरुण लेखकांना माझी एक विनंती आहे. तेंदूचा हंगाम सुरू होण्याआधी जवळच्या एका ग्रामसभेत जा, त्यांची जुनी सूचना मागून घ्या, गावकऱ्यांसोबत बसा आणि ती नव्यानं लिहून द्या.